कंपनी माणशी वर्षाचे पैसे देतेय, सही करू का?

पाथर्डी फाट्याजवळ दोन वर्षांपूर्वी दवाखाना टाकलेल्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न आहे. अंबड एमआयडीसीतला एक कारखाना त्यांना म्हणतोय, आमच्या ४०० कामगारांचं रोजचं दुखणं-खुपणं, बीपी-शुगर तुम्ही बघा. माणशी वर्षाला ६०० रुपये देतो, आणि 'रिझल्ट' दिसला तर वर बोनस. डॉक्टरांनी अमेरिकेतल्या 'व्हॅल्यू-बेस्ड प्रायमरी केअर'बद्दल (खेपेवर नव्हे, तब्येतीतल्या फरकावर पैसे) बरंच वाचलंय आणि त्यांना ते पटलंय. नाशिकमध्ये हे जमेल का आणि सही करू का, असं ते विचारतात.

डॉक्टर, सही इतक्यात करू नका. प्रस्ताव वाईट नाही, पण तुमच्याकडे अजून यादी, म्हणजे तुमच्या जबाबदारीतल्या सगळ्या माणसांची नोंद, नाही. पैसे कसे घ्यायचे हा यात दुसरा प्रश्न आहे, यादी हा पहिला. हे कळायला मला स्वतःची एक योजना बुडवावी लागली, ती गोष्ट पुढे येईलच.

मी सिडकोत सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतेय. सुरुवातीची बरीच वर्षं पुडीवर काढली. पेशंट तपासायचा, कंपाउंडरने दोन दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून द्यायच्या, पैसे घ्यायचे आणि "दोन दिवसांनी दाखवायला या" म्हणायचं. साध्या तापाला हे चालून जातं. पण बीपीच्या माणसाला दोन-दोन दिवसांच्या गोळ्या देऊन आपण त्याला काय शिकवतो? डोकं दुखलं की गोळी, थांबलं की बंद. तो नीट राहिला, महिन्याची गोळी घेऊन घरी बसला, तर आपल्या गल्ल्यात काही पडत नाही. यात कोणी लबाड असतं असं नाही. गल्लाच तशी सवय लावतो.

द्राक्षाच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात एक संध्याकाळ बसून बघा. पेठ-सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेल्या बाया अंग मोडून येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, सलाईन लावा, ताकद येईल." सलाईनचे पैसे मिळतात. हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या तीन महिने पोटात जातायत ना हे बघण्याचे मिळत नाहीत, आणि तिसऱ्या महिन्यात ती बाई कुठल्या गावी असेल याचा पत्ताही आपल्याकडे नसतो.

वरच्या पायरीवर हाच खेळ मोठ्या रकमेत चालतो. मेडिक्लेम बहुतेकदा ॲडमिट झाल्यावरच पैसे देतो, म्हणून पेशंटच सुचवतो, "मॅडम, एक दिवस ॲडमिट करा ना, टेस्ट क्लेममध्ये बसतील." सरकारी कवचाची घडीही तीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना घ्या किंवा २०१८ ची पीएम-जय घ्या, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते रुग्णालयातले. बायपासला पैसे आहेत. बायपासची वेळ येऊ नये म्हणून दहा वर्षं बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन, चुकू न देणाऱ्याला कोणी काही देत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. उतरले हे चांगलंच आहे. पण या उरलेल्यात ओपीडी आणि औषधं यांचा वाटा मोठा आहे, म्हणजे आपल्या दवाखान्यासमोरच्या रांगेचाच.

आता 'व्हॅल्यू'बद्दल. 'मूल्याधारित' म्हटलं की मला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो, म्हणून मी तो शब्द टाळते. मायकेल पोर्टर आणि एलिझाबेथ टाइसबर्ग यांनी २००६ मध्ये ही कल्पना नीट मांडली. खर्च झालेल्या पैशाच्या मानाने पेशंटच्या तब्येतीत किती फरक पडला, एवढाच तिचा अर्थ. कारखान्याच्या साहेबांच्या डोक्यात मात्र 'रिझल्ट' म्हणजे 'बरं केलंत तर पैसे' असं असेल, तर तिथेच थांबवा. आपल्या २००२ च्या आचारसंहितेत 'गुण नाही तर पैसे नाहीत' असा करार अनैतिक ठरवलेला आहे. दुसरी गोष्ट, वर्षाच्या रकमेत हॉस्पिटलचं बिलही तुम्ही उचलाल असं अर्धं वाक्यसुद्धा करारात येऊ देऊ नका. तो विमा झाला, आणि विम्याला परवाना लागतो.

डोईमागे पैसे ही काही अमेरिकेहून आलेली नवलाई नाही. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, कायदा १९४८ चा. महाराष्ट्रात त्यात पॅनेलची पद्धत होती: कामगारांची नावं खासगी डॉक्टरांकडे नोंदवायची आणि त्या डॉक्टरांना डोईमागे वर्षाचे ठरावीक पैसे द्यायचे. सातपूरच्या एखाद्या निवृत्त कामगाराला 'पॅनेल डॉक्टर' म्हणून बघा, तो हसेल. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेला पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी सर्टिफिकेट लागतं. म्हणून माझ्याकडे येणारे कित्येक जण सर्टिफिकेटसाठी पॅनेलकडे जात आणि औषधासाठी खिशातले पैसे घेऊन माझ्याकडे येत. पुडीच्या धंद्यात पेशंट पुन्हा पुन्हा येण्यात फायदा असतो, पॅनेलमध्ये न येण्यात. दोन्हीकडे त्याचं बीपी किती आहे हे कोणी विचारत नाही.

सगळे तसे नव्हते. मी नवी असताना एका वयस्कर पॅनेल डॉक्टरांच्या सुट्टीत त्यांचा दवाखाना सांभाळायचे. त्यांच्या टेबलावर एक लांबडी वही असे. तिच्यात त्यांच्याकडे नोंदलेले सगळे साखरेचे आणि टीबीचे पेशंट होते, महिन्यात आले त्यांच्यापुढे टिक आणि आले नाहीत त्यांच्यापुढे लाल फुली. शनिवारी कंपाउंडर सायकल काढून फुलीवाल्यांच्या घरी जाई. मला तेव्हा तो म्हातारपणीचा छंद वाटला होता.

मग माझी बुडालेली योजना. बारा-तेरा वर्षं झाली असतील. मीही तुमच्यासारखंच वाचलं आणि भारावून दवाखान्याबाहेर बोर्ड लावला: वर्षाला दोन हजार रुपये, घरातली चार माणसं, कितीही वेळा या. आलं कोण? ज्यांच्या घरी दम्याचे सासरे आणि गुडघ्याची सासू होती ते आले. तरणी, धडधाकट बिऱ्हाडं बोर्ड वाचून पुढे गेली. जी मोजकी आली त्यातल्या एका बाईंनी वर्ष संपल्यावर सांगितलं, "मॅडम, अहो, वर्षभर कोणी आजारीच पडलं नाही. पैसे वायाच गेले." कोणी आजारी पडू नये म्हणूनच तर मी ते पैसे घेतले होते! पण त्यांचं चुकलं नव्हतं, कारण त्या वर्षभरात मी त्यांच्यासाठी खरंच काही केलं नव्हतं. उलट काही काका रोज संध्याकाळी फिरून येताना बीपी मोजून जायचे. आणि कबूल करते, आठव्या महिन्यापासून योजनेतला पेशंट दिसला की माझ्या कपाळावर आठी यायची. रोख पैसे देणारा आधी आत जायचा. पैशाची पद्धत बदलली तर मी पेशंटकडे जास्त लक्ष देईन असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. वर्ष भरल्यावर बोर्ड काढला.

त्यानंतर एका दिवाळीत दवाखाना चार दिवस बंद होता. जुने केसपेपर काढून बसले आणि बीपी-शुगरच्या सगळ्यांची नावं एका रजिस्टरात उतरवली. माझी समजूत होती की माझे बीपीचे पेशंट बऱ्यापैकी काबूत आहेत. समजूत अशासाठी, की समोर बसलेल्यांचंच बीपी मला दिसत होतं. नावं लिहिल्यावर कळलं की त्यातले बरेच जण सहा-सहा महिने फिरकलेलेच नव्हते. म्हाताऱ्या डॉक्टरांची लाल फुली मला तेव्हा कळली. यादी म्हणतेय ती ही: तुमच्या जबाबदारीतली सगळी माणसं, आलेली आणि न आलेली. ही नसेल तर डोईमागे पैसे घेणं म्हणजे डोकी न मोजता पैसे मोजणं.

यादी झाल्यावर मी फक्त त्या यादीतल्यांना वर्षाची फी सुचवली. त्यात काय मिळेल हे मोजून सांगितलं: वर्षात चार तपासण्या, दर महिन्याला सिस्टरकडे बीपी, मधुमेह असेल तर पायांची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्यासाठी चिठ्ठी, आणि न आल्यास आमचा फोन. ताप-खोकल्याला नेहमीची फी. ही पद्धत आजही चालू आहे. 'कितीही वेळा या' काढल्यावर भांडणं संपली, आणि फोनचं लोकांना फार अप्रूप वाटतं. "मॅडमकडून फोन आला होता" हे सोसायटीत चार ठिकाणी सांगितलं जातं.

तुमच्या ६०० रुपयांचा हिशेब करू. ४०० गुणिले ६०० म्हणजे २,४०,०००, महिन्याला २०,०००. ऐकायला बरं वाटतं. समजा कामगार वर्षाला सरासरी तीनदा येतो. १,२०० खेपा, म्हणजे खेपेला २०० रुपये पडतात, आपल्या भागातल्या फीच्या जवळपास. पण कंपनीच्या पत्रात 'कामगार व कुटुंबीय' असं आहे का बघा. ४०० कामगारांची घरची माणसं धरून १,५०० झाली तर खेपा ४,५०० होतील आणि खेपेला ५३ रुपये उरतील. त्या एका शब्दाची किंमत एवढी आहे. पावसाळ्यानंतर डेंग्यू-चिकुनगुनियाची लाट सिडको-सातपुरात येतेच, ती वेगळी.

आता नुसत्या कामगारांचंच धरू, पण काम नीट करायचं असं ठरवू. फोन करणारी, बीपी मोजणारी, रजिस्टर ठेवणारी सिस्टर लागेल. समजा तिचा पगार महिना १५,०००. वर्षाचे १,८०,००० गेले. तुमच्याकडे ६०,००० उरले, महिन्याला पाच हजार, त्यात १,२०० खेपा तपासायच्या. म्हणजे तुम्ही सिस्टर ठेवणार नाही, सगळं स्वतः करायला जाल, आणि मार्चपर्यंत माझ्यासारखी आठी येईल. ६०० चा आकडा मुळात जुन्याच कामाचा आहे, वर्षाच्या हप्त्यात बांधलेला. नव्या कामाची किंमत त्यात धरलेलीच नाही.

म्हणून पैसे तीन वाटांनी मागा. यादी ठेवणं, वार्षिक तपासणी आणि सिस्टर यांचे डोईमागे ठरावीक, यात तिचा पगार पूर्ण निघाला पाहिजे. ताप-जुलाब-जखमेला खेपेप्रमाणे, हवं तर थोडी सवलत द्या. आणि तिसरा, अगदी लहान वाटा निकषांवर. तो एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्क्यांवर नेऊ नका. पोट त्या बोनसवर अवलंबून राहिलं की हात आकड्यांकडे वळतो.

यात मला शंका नाही, कारण इंग्लंडने हे करून पाहिलंय. तिथल्या जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, १९४८ पासून डोईमागे पैसे मिळतात, म्हणजे यादी आधीपासून होती. २००४ मध्ये त्यावर गुणांची योजना आली, १४६ निकष आणि १,०५० गुण. दमा आणि मधुमेहाची काळजी सुरुवातीला सुधारली, मग सुधारण्याचा वेग मंदावला. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ती गुणपत्रिका बंदच केली. निकषात असतं ते होतं, नसतं ते मागे पडतं. रजिस्टरात १३८/८८ फार दिसायला लागलं की कोणीतरी 'काबूत'च्या १४०/९० या रेषेकडे बघून दंडाचा पट्टा, म्हणजे कफ, सोडतंय असं समजावं. हे मी माझ्याच सिस्टरच्या वहीत पकडलंय. त्यात तिची चूक नव्हती, महिन्याअखेरीला मीच आकडे मागत होते.

मग मोजायचं काय? 'रुग्णालयात भरती किती कमी झाली' हा निकष कंपनी नक्की सुचवेल. त्याला नाही म्हणा. ४०० माणसांत वर्षाला दोन हार्ट अटॅक आले काय आणि चार आले काय, तो तुमच्या कामाचा पुरावा नाही, लहान संख्येचा खेळ आहे. तुमच्या हातात आहे ते मोजा: यादीतल्या बीपीवाल्यांपैकी किती जणांचं बीपी गेल्या तीन महिन्यांत १४०/९० च्या खाली होतं, मधुमेहींपैकी किती जणांची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सहा महिन्यांत झाली, किती जणांचे पाय मोजे काढून बघितले, तंबाखू-मिश्री-गुटख्याबद्दल किती जणांना विचारलं.

आणि भाजक ठणकावून लिहून घ्या. यादीतले सगळे धरायचे, जो आला नाही तो 'काबूत नाही' या बाजूलाच. आपल्याच देशातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने, म्हणजे आयएचसीआयने, हेच केलं. २०१७ च्या सुमारास तो महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. तिथे न आलेल्यांचा वेगळा रकाना असतो. बाकीची युक्ती साधी होती: सगळ्यांना एकच ठरलेला औषधक्रम, घराजवळच्या केंद्रात ३० दिवसांची गोळी, आणि चुकलेल्यांचा पाठपुरावा. यात महागडं यंत्र एकही नाही. तुम्हीही औषधक्रम एका पानावर लिहून भिंतीला लावा. दुपारी तुम्ही नसताना बसणाऱ्या बीएएमएस डॉक्टरांनीही तोच पाळायचा.

सरकारी बाजूला परिणामावर पैसे केव्हाच आलेत, आपलं लक्ष नसतं एवढंच. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला पगाराशिवाय कामगिरीवर महिन्याला १५,००० पर्यंत मिळू शकतात. आशाताई तिशीवरच्या माणसांचे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या धोक्याचे फॉर्म भरून घेतात, त्याचे त्यांना कामाप्रमाणे पैसे मिळतात. फॉर्म भरला गेला की पैसे. त्या माणसाचं पुढे काय झालं यावर फारसे नाहीत. त्यांच्याशी बोलून या, निकष कागदावर कसे दिसतात आणि उन्हात कसे, ते कळेल.

साहेब बचतीबद्दल विचारतील. खरं सांगा, पहिल्या वर्षी खर्च वाढेल. आजवर न सापडलेलं बीपी सापडेल, गोळ्या सुरू होतील, चार जणांना टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल. अमेरिकेत सीपीसी प्लस नावाचा मोठा प्रयोग २०१७ ते २०२१ चालला. दवाखान्यांना डोईमागे जादा पैसे दिले, तातडीच्या विभागातल्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या, पण ते जादा पैसे धरल्यावर सरकारचा एकूण खर्च घटला नाही. त्यांच्याकडे पाच वर्षांत झालं नाही ते अंबडमध्ये एका वर्षात होईल असं लिहून देऊ नका.

साहेबांना तुम्ही विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ४०० पैकी किती जण ईएसआयमध्ये आहेत? महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी कंपनी ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के आधीच भरतायत. मग तुमच्याकडून त्यांना नेमकं काय हवंय? बहुतेकदा उत्तर असतं, "सातपूरला ईएसआयच्या रुग्णालयात गेला की अख्खा दिवस जातो." तसं असेल तर त्यांना हवाय शिफ्ट बदलताना गेटवर बसणारा माणूस, आणि सिस्टरचा पगार मागायला याहून भक्कम कारण मिळणार नाही. कंत्राटी कामगार यादीत आहेत का, हेही विचारा. बहुधा नसतात, आणि सगळ्यात जास्त बीपी तिथेच लपलेलं असतं.

एक कलम मात्र तुमच्या बाजूने, घासाघीस न करता: कुठल्याही कामगाराचा आकडा नावानिशी कंपनीला जाणार नाही, फक्त एकूण टक्केवारी जाईल. एका ठिकाणी शिबिर झाल्यावर फिटनेसच्या नावाखाली शुगरवाल्यांची नावं सुपरवायझरपर्यंत गेली. पुढच्या शिबिराला निम्मी माणसं नाश्ता करून आली, उपाशीपोटीची तपासणी टळावी म्हणून. विश्वास गेला की यादी संपते, मग कितीही रुपये द्या.

तेव्हा उत्तर असं कळवा: पहिले तीन महिने वर्षाचा करार नको, फक्त यादीचं काम. माणशी एक तपासणी, त्याचे वेगळे पैसे. गेटवर टेबल टाका, पाच मिनिटं बसवून, कफ नीट बांधून बीपी घ्या. वाढलेलं आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. शेवटी तुमच्या हातात किती बीपी, किती शुगर, किती तंबाखू हे आकडे असतील, आणि दर तुम्ही सांगाल. चारशेतून पन्नास निघाले तर सिस्टर अर्धा दिवस पुरेल, शेजारच्या एखाद्या कारखान्याशी उरलेला अर्धा वाटून घ्या. दीडशे निघाले तर पूर्ण वेळ लागेल, आणि ६०० चा विषय साहेब स्वतःच पुन्हा काढणार नाहीत.

तोवर पुड्या बांधणं बंद करू नका. पावसाळा तोंडावर आलाय, आणि दवाखान्याचं भाडं त्यातूनच निघायचंय.